दुखणे दिसत नाही, म्हणून सोबत माणूस हवा
सिकलसेल आणि वस्तीतला रुग्णमित्र

हात मोडला तर प्लास्टर दिसते. ताप आला तर थर्मामीटर सांगतो. सिकलसेलचे दुखणे मात्र कुठल्याच डोळ्याला दिसत नाही. लेकरू रात्रभर पाय धरून रडते, सकाळी दवाखान्यात नेले की पायाला सूज नाही, जखम नाही. मग कोणी म्हणते वात आहे, कोणी म्हणते बाहेरचे झाले, कोणी म्हणते शाळा बुडवायचे नाटक आहे. सहा-सहा वर्षे संधिवाताच्या गोळ्या खाऊन शेवटी सिकलसेल निघालेली माणसे आम्हाला वर्धा, देवळी, पुलगाव, हिंगणघाटच्या वस्त्यांत भेटली आहेत.

आम्ही काही जण आणि काही जणी विहाराच्या कामातून या रुग्णांसोबत दवाखान्यात जाऊ लागलो. आमच्यात शिक्षिका आहेत, मजुरी करणारे आहेत, निवृत्त कर्मचारी आहेत. डॉक्टर कोणी नाही. या कामाला रुग्णमित्र म्हणतात. ते काय असते, त्यात काय करायचे आणि काय करायचे नाही, हे या पानावर सांगत आहोत. प्रत्येक वस्तीत असे दोन तरी लोक हवेत, असे आम्हाला वाटते.

आजार कुठून आला

मोठ्या शहरातल्या अनेक डॉक्टरांना सिकलसेलचा रुग्ण क्वचितच दिसतो, म्हणून तिकडे हा दुर्मिळ आजार. विदर्भात तसे नाही. १९१० साली अमेरिकेतील शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी एका रुग्णाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी पाहून त्यांची नोंद प्रसिद्ध केली. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये हा दोष आढळला. १९५८ साली नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातील तपासणीचे निष्कर्ष छापले, तेव्हा आपल्या समाजातही तो असल्याचे पुढे आले. तो गोंड, भिल्ल, परधान अशा आदिवासी जमातींत आहे, तसा विदर्भातल्या इतर समाजांतही आहे. जिथे मलेरिया पिढ्यान्‌पिढ्या होता, तिथे हा दोष टिकला. कारण आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच दोष आलेल्या मुलाचा जीव मलेरियापासून काहीसा वाचत असे. यात पाप नाही, शाप नाही, कोणाच्या जातीचा कमीपणा तर मुळीच नाही.

निरोगी लाल पेशी गोल आणि लवचिक असते, साधारण १२० दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णाची पेशी प्राणवायू कमी पडला, अंगातले पाणी आटले, ताप आला की विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते. ती १० ते २० दिवसांतच मरते, म्हणून रक्त कमी राहते आणि डोळे पिवळे दिसतात. वाकड्या पेशी बारीक नळ्यांत अडकल्या की पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि तिथे असह्य कळ येते. या कळेला डॉक्टर क्रायसिस म्हणतात. सहा महिन्यांच्या पुढच्या बाळाचे हातपाय सुजून ते रडत असेल, तर ती या आजाराची पहिली खूण असू शकते.

एएस आणि एसएस यातला फरक

वस्तीत सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच दोष आला तर माणूस एएस, म्हणजे वाहक. तो आजारी नसतो, शेतात राबतो, खेळतो, त्याला रोजच्या औषधाची गरज नसते. दोघांकडूनही आला तर एसएस, म्हणजे रुग्ण. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन होणारी सोल्युबिलिटी चाचणी फक्त दोष आहे की नाही इतकेच सांगते. एएस की एसएस हे ठरवायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी लागते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पहिली चाचणी लागू पडत नाही. पहिल्या चाचणीचा कागद पेटीत ठेवून वर्षानुवर्षे थांबलेली घरे बरीच आहेत. त्या घराला पुढच्या तपासणीपर्यंत नेऊन सोडणे, हे रुग्णमित्राचे पहिले काम.

दवाखान्यात काय करायचे

सरकारी योजनेच्या खिडकीवर बसतो तो आरोग्यमित्र. त्याला पगार असतो, टेबल असते. रुग्णमित्र म्हणजे वस्तीतलाच माणूस, जो रुग्णाच्या बाजूला उभा राहतो.

एकदा एका मुलीला कळा सुरू असताना आम्ही घेऊन गेलो. रात्रपाळीला नवे कर्मचारी होते. त्यांना वाटले, मुलगी वारंवार इंजेक्शन मागते म्हणजे सवय लागली असेल. आई मजूर, बोलायला घाबरत होती. आमच्या ताईने आवाज न चढवता फाईल उघडली. एसएसचा अहवाल, मागच्या वेळी कोणत्या औषधाने आराम पडला होता त्याची चिठ्ठी आणि शेवटचे हिमोग्लोबिन तिने एकामागून एक टेबलावर ठेवले. पंधरा मिनिटांत औषध सुरू झाले. भांडण झाले नाही. कागद बोलला आणि कागद धरणारा हात थरथरत नव्हता, एवढाच फरक.

म्हणून प्रत्येक रुग्णाची एक प्लास्टिकची फाईल आम्ही करून देतो. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात नाव, वय, रक्तगट, 'एसएस', नेहमीचे हिमोग्लोबिन, चालू औषधे, कोणत्या औषधाची ॲलर्जी आणि घरचा फोन. आत तपासणीचे मूळ अहवाल, लसीकरणाचा कागद आणि रक्त चढवल्याच्या नोंदी. रुग्णाचे नेहमीचे हिमोग्लोबिन ७ किंवा ८ असू शकते. ते डॉक्टरला कळले नाही तर विनाकारण रक्त चढवले जाते, किंवा ते खरेच घसरले असताना लक्षात येत नाही.

पुढील खुणा दिसल्या तर सकाळची वाट पाहू नये. त्याच वेळी मोठ्या दवाखान्यात न्यावे :

• १०१ अंशांच्या वर ताप
• छातीत दुखणे, धाप लागणे
• एकदम पांढरे पडणे आणि पोटाच्या डाव्या बाजूला पानथरी वाढून फुगवटा येणे
• तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे
• घरच्या गोळीने न थांबणारी कळ
• मुलाच्या किंवा पुरुषाच्या लिंगाला दुखरी ताठरता येऊन ती न उतरणे. लाजेपायी मुले हे लपवतात. चार तासांच्या वर गेले तर कायमचे नुकसान होते, म्हणून घरात हे आधीच सांगून ठेवावे.

वर्ध्यात जिल्हा सामान्य रुग्णालय आहे, सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आहे, सावंगीला विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. आर्वी-कारंजाकडच्या घराने रात्री कोणत्या गाडीने, कोणत्या दवाखान्यात जायचे हे धडधाकट दिवशीच ठरवून ठेवावे. १०८ क्रमांक लहान मुलांनाही पाठ असावा.

घरात काय करायचे

रोजच्या सांभाळाचा मोठा भाग पाण्याचा आहे. वर्ध्याचा उन्हाळा ४५ अंशांच्या वर जातो. कापूस वेचायला, वीटभट्टीवर किंवा बांधकामावर जाणाऱ्या रुग्णाजवळ स्वतःची बाटली हवी. थंडीत पहाटे गार पाण्याने आंघोळ नको, पावसात भिजणे नको, विहिरीत-तलावात उड्या नकोत. गार पाण्याने नळ्या आकसतात आणि कळ येते.

हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने अनेक रुग्णांच्या कळा कमी होतात आणि रक्त चढवायची वेळ कमी येते. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांमध्ये या औषधाच्या कमी मात्रेचा अभ्यास केला आहे. हे औषध रोज घ्यावे लागते, ठरल्या वेळी रक्त तपासावे लागते आणि मूल होऊ देण्याचा विचार असेल तर नवरा-बायको दोघांनीही आधी डॉक्टरांशी बोलावे लागते. 'आता बरे वाटते' म्हणून गोळी बंद करणारे रुग्ण पुष्कळ. महिन्यातून एकदा जाऊन गोळ्यांची पट्टी बघणे, हेसुद्धा रुग्णमित्राचे काम आहे.

फॉलिक ॲसिड डॉक्टर लिहून देतात. लोहाच्या गोळ्या मात्र 'रक्त कमी आहे' एवढ्यावरून स्वतः सुरू करू नयेत. वारंवार रक्त चढवलेल्या माणसाच्या अंगात लोह आधीच साचलेले असू शकते. गावातल्या कोणाकडून दर वेळी स्टिरॉइडचे इंजेक्शन घेण्याची सवय तर फार धोक्याची. आज आराम पडतो आणि परवा दुप्पट कळ येते. लहान मुलांना न्यूमोनियाची लस आणि पाच वर्षांपर्यंत डॉक्टरांनी सांगितलेले पेनिसिलिन चुकवू नये. या वयात मुले कळेने कमी आणि जंतुसंसर्गाने जास्त दगावतात.

शाळेला एक चिठ्ठी हवी : या मुलाला वर्गात पाणी पिऊ द्यावे, लघवीला जाऊ द्यावे, उन्हात धावायची शिक्षा देऊ नये. या आजारात मूत्रपिंड पाणी धरून ठेवत नाही, त्यामुळे लघवी जास्त होते आणि मोठी मुलेही रात्री अंथरूण ओले करतात. त्याबद्दल मार खाल्लेली मुले आम्ही पाहिली आहेत.

हक्काचे काय मिळते

हे हक्क सहज मिळालेले नाहीत. नागपूरचे संपत रामटेके यांनी सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया उभी केली आणि रुग्णांच्या हक्कांसाठी वर्षानुवर्षे सरकारदरबारी धडक दिली. २०१८ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, त्यात हिमोफिलिया आणि थॅलेसेमियासोबत सिकलसेलही आले. एका माणसाने आणि त्याच्या सोबत्यांनी किती पाठपुरावा करावा लागतो, हे त्यावरून समजावे.

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड काढून घ्यावे. ते एसएसच्या रुग्णाला मिळते, एएसला नाही. प्रमाण ४० टक्के किंवा जास्त भरले तर उच्च शिक्षणाच्या ५ टक्के राखीव जागांत अर्ज करता येतो. नोकरीतले ४ टक्के आरक्षण मात्र कायद्याने रक्ताच्या आजारांना दिलेले नाही. ही उणीव आहे. ज्या मुलाची हाडे, फुप्फुसे या आजाराने झिजतात, त्याला कष्टाची मजुरी झेपत नाही आणि टेबलाच्या नोकरीची वाटही कायदा मोकळी करत नाही. हा प्रश्न आपल्या संघटनांनी निवेदनात घ्यायला हवा.

एसटीच्या सवलतींच्या यादीत सिकलसेलचे रुग्ण आहेत. कोणती गाडी, कोणता कागद, हे आगारात विचारावे. दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो, पण त्याचा अर्ज शाळेमार्फत वेळेत जावा लागतो, परीक्षेच्या आदल्या दिवशी मागून मिळत नाही. संजय गांधी निराधार योजनेच्या दुर्धर आजारांत सिकलसेल आहे. तहसीलच्या अर्जासोबत दवाखान्याचा दाखला लागतो. सरकारी रक्तपेढीत या रुग्णाला रक्त मोफत मिळायला हवे आणि 'आधी बदली दाता आणा' अशी अट घालता येत नाही. तशी अट सांगितली तर लेखी द्या म्हणावे. पुष्कळदा लिहून द्यायची वेळ येत नाही, रक्तच मिळते.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. २०४७ पर्यंत हा आजार आटोक्यात आणायचे आणि ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचे त्यात ठरले. अभियानाचा भर आदिवासी भागांवर आहे आणि तो योग्यच आहे. पण शहरातली बौद्ध वस्ती 'आदिवासी भाग' या रकान्यात बसत नाही. तपासणीची गाडी आपल्या दारात येण्याची वाट न पाहता आरोग्य केंद्रात स्वतः मागणी करावी लागेल, वस्तीत शिबिर लावून घ्यावे लागेल. हेही रुग्णमित्राचेच काम.

सोयरीक जुळवताना

आता सर्वांत अवघड गोष्ट. आपण पत्रिका पाहत नाही, गुण जुळवत नाही, याचा आपल्याला अभिमान आहे. मग रक्ताचा अहवाल पाहायला का घाबरतो?

हिशेब सोपा आहे. नवरा-बायको दोघेही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता २५ टक्के, एएस होण्याची ५० टक्के, पूर्ण निर्दोष होण्याची २५ टक्के. 'पहिले आजारी निघाले, आता पुढची तीन चांगली' असे नसते. प्रत्येक वेळी चिठ्ठी नव्याने निघते. एकच जण एएस आणि दुसरा निर्दोष असेल तर एकही मूल रुग्ण होत नाही. म्हणजे एएस मुलगी किंवा मुलगा लग्नाला नालायक ठरत नाही. समोरच्याचे रक्त काय आहे, एवढाच प्रश्न उरतो. एसएस व्यक्तीचे लग्न निर्दोष व्यक्तीशी झाले तर सगळी मुले वाहक होतात, रुग्ण एकही नाही.

तरीही घरोघरी कार्ड लपवले जाते. त्यातही मुलीचे जास्त. अहवाल बाहेर पडला की 'त्या घरात रोग आहे' अशी कुजबूज होते आणि धाकट्या बहिणींची स्थळेही परत जातात. मूल आजारी निघाले की दोष सुनेचा. प्रत्यक्षात मूल एसएस असेल तर दोष आई आणि बाप दोघांकडून आलेला असतो. हे विज्ञान विहारात, महिला मंडळात, जयंतीच्या मंडपात स्पष्ट बोलले गेले पाहिजे. आमचा अनुभव असा की वयात आलेल्या मुलामुलींची तपासणी सोयरिकीच्या खूप आधी झाली, तर लपवायचे कारणच राहत नाही. लग्नाच्या हॉलची बयाणा रक्कम भरल्यावर अहवाल निघाला, तर माणसे खोटे बोलतात.

दोन एएस व्यक्तींचे लग्न आधीच झालेले असेल तर त्यांना कोणी घाबरवू नये. गरोदरपण कळताच, तिसऱ्या महिन्याच्या आत त्यांनी डॉक्टरांना सांगावे. गर्भाची तपासणी मोठ्या केंद्रांत होते आणि या कारणासाठी ती कायद्याने चालते. पुढचा निर्णय त्या जोडप्याचा, त्यातही त्या बाईचा. रुग्णमित्राने माहिती द्यावी, दवाखान्याची वाट दाखवावी. निर्णय देऊ नये.

रुग्णमित्राने पाळायच्या गोष्टी

आम्ही काही नियम ठरवले आहेत. कोणाचा अहवाल कोणाला सांगायचा नाही, आपल्या घरीसुद्धा नाही. रुग्णाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचा नाही. औषध सुचवायचे नाही, बंद करायला सांगायचे नाही. रुग्णाच्या नावावर वर्गणी गोळा करायची नाही. गाडीभाडे लागले तर विहाराच्या वहीत लिहूनच द्यायचे. डॉक्टर-नर्सशी भांडायचे नाही, कारण आपण घरी जाऊ आणि रुग्ण तिथेच राहील. तक्रार असेल तर ती लेखी, शांतपणे आणि रुग्णाच्या संमतीने करायची. मुलीसोबत जाताना आमच्यातली ताई जाते. आणि रुग्ण स्वतः बोलू शकत असेल तर आपण गप्प बसायचे. आम्ही ज्यांच्यासोबत जात होतो त्यांतले दोन तरुण आज स्वतः रुग्णमित्र आहेत. कळ म्हणजे काय हे त्यांना आमच्यापेक्षा चांगले कळते आणि वॉर्डात त्यांचे म्हणणे जास्त लवकर ऐकले जाते.

सुरुवात कशी करावी

पैसा लागत नाही. एक वही, काही प्लास्टिकच्या फाईली आणि दोन माणसे पुरतात. त्यांतली एक बाई असावी. आशाताईंना भेटा, कारण वस्तीतली घरे त्यांना माहीत असतात. आरोग्य केंद्रातून तपासणीचा वार विचारून घ्या. पहिल्या महिन्यात फक्त दोन कामे करा : ज्यांची पहिली चाचणी झाली पण पुढची राहिली अशी घरे शोधा, आणि ज्ञात रुग्णांच्या फाईली बनवा. १९ जून हा जागतिक सिकलसेल दिन. त्या दिवशी भाषणे कमी ठेवून विहारात तपासणीचे टेबल लावा.

आपल्या वस्तीत कोणाच्या मृत्यूला शंभर माणसे जमतात. रात्री दोन वाजता कळा सुरू झालेल्या लेकराच्या घरी मात्र आईशिवाय कोणी नसते. त्या घराच्या भिंतीवर दोन रुग्णमित्रांचे फोन नंबर लिहिलेले असावेत आणि त्यांतला एक तरी उचलला जावा.